दुसऱ्या पलटणीचा साहेब

रवळूनं कंदील खालच्या पायरीवर ठेवला आणि साहेबाला आधार द्यायला हात वर केला. साहेबानं हात धरला नाही. जांभ्या दगडाच्या भिंतीला तळवा टेकत, एकेक पायरी चाचपत तो उतरू लागला. त्याचा डावा पाय गुडघ्यात नीट वाकत नव्हता. अंगावरचा कोट नवा होता, पण आतला माणूस त्या कोटाच्या मापाचा राहिला नव्हता.

वर इसाबेलबाईंच्या हॉटेलात दुपारच्या जेवणाची तयारी चालली होती. निखाऱ्यावर भाजलेले गोमांसाचे स्टेक खायला बेळगावच्या कॅम्पातले गोरे अधिकारी याच हॉटेलात येत. रवळू त्या स्वयंपाकघरात कधी पाय ठेवत नसे. मागच्या दारानं यायचं, तळघराची किल्ली घ्यायची, खाली उतरून दारूच्या बाटल्या सांभाळायच्या आणि संध्याकाळी मागच्या विहिरीवर अंघोळ करून गावाकडं निघायचं, हे त्यानं आणि बाईंनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. तेव्हा त्याच्या मिशा काळ्या होत्या.

"उद्या सांजंला जेवण हाय," साहेब म्हणाला. "आमी तिघं. वाईन पायजे. लई जुनी."

रवळूनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. कॅम्पातले पुष्कळ साहेब मोडकंतोडकं मराठी बोलत. पण ते मुन्शीनं शिकवलेलं असे, पुस्तकातलं, स्वच्छ धुतलेलं. हे मराठी शेताच्या बांधावरचं होतं.

"लढाईपायी नवा माल आलाच न्हाय, साहेब," रवळू म्हणाला. "जे हाय ते समदं जुनंच."

दोन्ही बाजूंना लाकडी मांडण्या होत्या आणि त्यांत बाटल्या आडव्या निजवलेल्या होत्या. रवळू कंदील धरून पुढं चालला. मध्येच थांबून तो एखाद्या बाटलीच्या मानेशी उजेड नेई, आत वाईन किती उतरली आहे ते बघे आणि पुढं सरके. साहेब मागून पाय ओढत येत होता. एका ठिकाणी तो वाकला आणि खालच्या फळीवरची एक बाटली त्यानं सरळ उपसून उभी केली. तळाशी बसलेला गाळ उसळला आणि कंदिलाच्या उजेडात आतली तांबडी वाईन गढूळ दिसू लागली.

"आरं," साहेब हळूच म्हणाला. "रुसली ही."

रवळूचा हात कंदिलाच्या कडीवर घट्ट झाला.

तो शब्द कॅम्पात कुणी वापरत नसे. बटलर लोक म्हणत, गढूळ झाली. इसाबेलबाई पोर्तुगीजमधून काहीतरी म्हणत. बाटली रुसते, हे फक्त रवळूच्या घरात होतं. पोरगा लहानपणी जेवणावरून रुसून कोपऱ्यात बसला की रवळू त्याला सांगायचा, माझ्याकडच्या बाटल्याबी आशाच रुसत्यात बग. जरा धक्का लागला की झालं. मग तिला उभी करून ठेवायची आनि तिच्याशी बोलायचं न्हाय. दुसऱ्या दिवशी उगी ऱ्हाती. पोरगा हसायचा आणि ताटावर यायचा. त्याचं नाव जोतिराम.

जोतिराम पलटणीत भरती होऊन बसऱ्याला गेला होता. पहिली काही पत्रं आली. मग पलटण कूत नावाच्या गावात कोंडली गेली, तिथं लोकांनी उपास काढले आणि शेवटी तुर्कांनी सगळ्यांना धरून कुठंतरी लांब नेलं, एवढं गावातल्या पेन्शनर सुभेदारानं पेपर वाचून सांगितलं. त्यानंतर पत्र नाही, निरोप नाही. मेला म्हणूनही कुणी कळवलं नाही. आता लढाई संपली होती आणि धरून नेलेले लोक सुटून येऊ लागले होते.

रवळूनं साहेबाच्या हातून बाटली घेतली आणि खालून एक बोट लावून परत आडवी ठेवली.

"साहेब कुठं व्हते लढाईत?"

"कूत. मग कैदेत." साहेब एका रिकाम्या खोक्यावर टेकला आणि दोन्ही हातांनी डावा पाय सरळ केला. "कैदेत खायला न्हवतं. मग आमी बोलायचो. सुटलो की काय खायचं. बेळगावला जाऊ, बाईच्या हॉटेलात बसू, स्टेक खाऊ, जुनी वाईन पिऊ. रोज बोलायचो. तिघं ऱ्हायलो, तर तिघं जेवू."

तो थोडा वेळ मांडण्यांकडं बघत राहिला.

"माझा ऑर्डर्ली होता. तो हसायचा. म्हणायचा, माझा आप्पा असल्याच बाटल्या सांभाळतो, कॅम्पात, जमिनीखाली. आमाला समदं सांगायचा. बाटली कशी निजवायची, कशी उठवायची. मराठी मला त्येनंच शिकवलं." साहेबानं कोटाच्या खिशात हात घातला आणि गाठ मारलेला एक रुमाल बाहेर काढला. तो त्यानं उघडला नाही, नुसता तळहातावर धरला. "त्येच्या बापाचं नाव मला ठावं न्हाय. तो नुसता आप्पा म्हणायचा. डेपोत विचारलं, त्येंची कागदं अजून लागत न्हाईत. क्लबात विचारलं, मेसमधी विचारलं. आता हितं आलोय."

वरून भांडं घासल्याचा आवाज येत होता. साहेबानं मान वर केली.

"तुमचं पोरगं हाय का पलटणीत?"

रुमालाच्या गाठीतून काळ्या दोऱ्याचं एक टोक बाहेर आलेलं होतं. जोतिराम निघाला तेव्हा त्याच्या आईनं, मालुबाईनं, रवळनाथाच्या देवळातून ताईत आणला होता आणि काळा दोरा स्वतःच्या मांडीवर वळून तो त्याच्या दंडात बांधला होता. रवळूनं दोरा पाहिला. मग त्यानं नजर काढून घेतली, समोरची बाटली उगाच थोडी आत सारली आणि हात धोतराला पुसले.

"न्हाय, साहेब," तो म्हणाला.

"पोरगं न्हाय?"

"हाय की. शेतावर हाय. मळणी चाललीया."

साहेब त्याच्याकडं बघत राहिला. कंदिलाची ज्योत जराशी काजळली होती. रवळूनं वाकून वात खाली केली. बराच वेळ लावला त्यानं त्या कामाला.

साहेबानं रुमाल खिशात ठेवला. "परवा मी जाणार," तो म्हणाला. "मुंबई. मग बोटीनं घर." तो उठला. "वाईन तुमीच काढा. तुमाला जी बरी वाटंल ती."

रवळू मागच्या कोपऱ्यात गेला. इसाबेलबाईंच्या नवऱ्यानं, तो जिवंत असताना, गोव्याहून आणवलेल्या काही बाटल्या तिथं होत्या. त्यांना कुणी हात लावत नसे. त्यातली एक त्यानं दोन्ही हातांनी उचलली, जशी निजली होती तशीच आडवी आणली आणि मेजावर अगदी सावकाश उभी केली.

"उद्या सांजंपतोर आशीच उबी ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

साहेब पायऱ्या चढत होता. तो मध्येच थांबला. "आनि तिच्याशी बोलायचं न्हाय," तो म्हणाला आणि मागं न बघता वर गेला.

*

त्या संध्याकाळी रवळू घरी पोचला तेव्हा अंगणात नंदगडची बैलगाडी सुटलेली होती. जयवंताचा भाऊ भावकू ओट्यावर बसला होता. जयवंता म्हणजे जोतिरामची बायको. लग्नानंतर एक पावसाळाभर दोघं एकत्र होती, मग तो गेला. ती घरात आली तेव्हा पाण्याची घागर तिच्या कमरेला पेलत नव्हती. आता ती मालुबाईच्या बरोबरीनं शेतातलं सगळं करत होती आणि रोज सकाळी अंघोळ करून, आरसा न घेता, बोटानं चाचपून कुंकू लावत होती.

भावकू पहिल्यांदा आला नव्हता. खानापूरच्या बाजूला एक घर होतं. थोडी भाताची जमीन, शांत माणूस, त्याची बायको यंदाच्या तापाच्या साथीत गेली होती आणि मागं एक तान्ही पोर होती. त्या माणसानं जयवंताला पाटाची, म्हणजे दुसऱ्या लग्नाची, मागणी घातली होती. पण जोतिराम गेला असं कुणीतरी सांगितल्याशिवाय पंच पाट लावू देणार नव्हते. आणि ते वाक्य मालुबाई घरात कुणाला बोलू देत नव्हती.

मालुबाई अंगणात नवा भात पाखडत होती. सूप न थांबवता ती म्हणाली,

"बसऱ्याचं साहेब कॅम्पात आल्यात म्हणं. हाटेलात कोण आलता का वं?"

रवळू पायांवर पाणी घेत होता.

"आलता एक."

सूप थांबलं. ओट्यावर भावकूनं पाय खाली सोडले. आत चुलीपाशी बांगड्यांचा आवाज होत होता, तोही थांबला.

"मग?" मालुबाई म्हणाली.

"दुसऱ्या पलटणीचा," रवळू म्हणाला.

मालुबाईनं सूप परत उचललं. कोंडा उडून तिच्या केसांवर बसला. "येतील," ती म्हणाली. "लांबची वाट हाय. एकेक करून येतील."

जेवणं झाल्यावर भावकू रवळूजवळ सरकला. "आप्पा, मी भांडाय आलो न्हाय," तो म्हणाला. "तुमी तिला लेकीगत ठेवलासा, आमाला ठावं हाय. पर त्यो मानूस आता लई दिस थांबायचा न्हाय. पोरीला दूध पाजाय घरात बाईमानूस न्हाय. तुमी एकदा काय ते सांगा."

रवळू काही बोलायच्या आत जयवंता दारात आली. ती कधी थोरांच्या बोलण्यात पडत नसे. तिनं चौकट धरली होती.

"दादा, तू उद्या गाडी जुंप आनि जा," ती म्हणाली. "मी येत न्हाय. रोज साहेब लोक सुटून याय लागल्यात. मामा कॅम्पात हाईत. कुणी काय बोललं आसतं तर मामांनी सांगितलं नसतं का?"

ती आत गेली. भावकूनं पायाशी पडलेली काडी उचलली आणि तिचे बारीक तुकडे केले.

रवळू उठून गोठ्यात गेला. बैलांपुढं वैरण होती तरी त्यानं आणखी एक पेंढी सोडून टाकली. एका बैलाच्या पाठीवर हात ठेवून तो उभा राहिला.  दुपारी साहेबाला तो न्हाय म्हणाला होता तेवढ्यानं पोरगा शेतावर होता, मळणी करत होता. मालुबाईचं सूप चालत होतं. पण ती पोर चौकट धरून उभी होती आणि तिनं त्याच्या शब्दावर आपला भाऊ परत पाठवला होता.

बाहेर येऊन तो भावकूला म्हणाला, "उद्याचा दिस ऱ्हा."

"कशाला, आप्पा?"

"मळणी हाय. हाताखाली मानूस पायजे."

भावकूनं त्याच्याकडं पाहिलं आणि मान डोलावली.

*

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर रवळूनं तळघरातल्या मेजावर काचेची सुरई ठेवली, तिच्या तोंडावर मलमलीचा तुकडा बांधला आणि मेणबत्ती लावली. वर तिघांचं मेज मांडून झालं होतं. पायऱ्यांवर पाय ओढल्याचा आवाज आला तेव्हा त्यानं बाटलीचं बूच काढलं होतं. साहेब इतरांच्या आधीच आला होता.

"चव बघायला आलो," साहेब म्हणाला.

रवळूनं बाटलीची मान मेणबत्तीपुढं धरली आणि ओतायला सुरुवात केली. बाटली एकदा कलती केली की मध्ये थांबता येत नाही. थांबलं की गाळ परत मिसळतो. वाईन बारीक धारेनं सुरईत उतरत होती. तिचा रंग जुन्या विटेसारखा झाला होता. रवळूनं नजर धारेवरून काढली नाही.

"साहेब," तो म्हणाला, "जोतिराम माझा ल्योक."

धार तशीच चालू राहिली. साहेब खोक्यावर बसला.

"मला कळलं होतं," तो म्हणाला. "काल. तुमचं बोट. बाटलीखाली तुमी बोट धरता तसं तो पाण्याचा चंबू धरायचा."

"मग बोलला न्हाईसा?"

"तुमी न्हाय म्हटलं." साहेब शब्द शोधत होता. "मला बरं वाटलं. तुमी न्हाय म्हटलं, तवा मला सांगाय लागलं न्हाय. रातभर त्येची लाज वाटली."

बाटलीच्या मानेत गाळाची काळी रेघ आली. रवळूनं हात उचलला. गाळ उरलेली बाटली त्यानं बाजूला ठेवली आणि मग पहिल्यांदाच तो साहेबासमोर जमिनीवर बसला.

"सांगा," तो म्हणाला.

साहेबानं सांगितलं. मराठी जिथं पुरत नव्हतं तिथं त्यानं हातांनी सांगितलं. आधी वाळवंटातून चालवलं, मग डोंगरातून. साहेबाच्या पायात गोळी होती म्हणून त्याला गाढवावर बसवलेलं. जोतिराम गाढवाच्या दोरीला धरून चालत होता. वाटेत त्याला हगवण लागली, मग ताप भरला. दोन-तीन मुक्काम तो तसाच चालला. एका गावाबाहेर, विहिरीपाशी, तो खाली बसला आणि परत उठला नाही. पहारेकरी थांबू देत नव्हते. साहेब गाढवावरून उतरून जमिनीवर निजला, म्हणजे त्यालाही उचलण्यात त्यांचा वेळ जाईल. तेवढ्या वेळात झालं.

"जाळलं?" रवळूनं विचारलं.

"लाकूड न्हवतं. तिकडं झाडच न्हवतं. दगडं रचली. मी आणि एक शिपाई, तुमच्याच बाजूचा. तो पन पुढं गेला."

"तोंडात पानी?"

"घातलं," साहेब म्हणाला. "मी घातलं. माझ्या हातानं."

रवळूनं मान हलवली. बराच वेळ तो ती तशीच हलवत राहिला.

"काय बोलला?"

"नवा भात म्हणाला. नव्या भाताचा वास येतोय म्हणाला. आई शिजवतीया म्हणाला. मला वाटलं तापात हाय." साहेब थांबला. "आणि आदी, वाटेत, तुमचं बोलायचा. बाटल्यांचं. आमाला हसवायला."

"आनि?"

साहेबानं आठवून पाहिलं. रवळू त्याच्या तोंडाकडं बघत होता.

"आणि काय न्हाय," साहेब म्हणाला.

त्यानं रुमाल काढून रवळूच्या हातात दिला. वर दार उघडलं आणि दोन पुरुषांचे मोठे, आनंदी आवाज तळघरात उतरले. कुणीतरी साहेबाला हाक मारत होतं. साहेब उठला नाही.

"जेवण नको," तो म्हणाला. "मी त्येंना सांगतो."

"जेवा, साहेब," रवळू म्हणाला. तो उठला, सुरईवरची मलमल सोडली, तोंडाशी साचलेला थेंब फडक्यानं टिपला. "एकदा काढली की ती परत ठेवता येत न्हाय. लगेच पिऊन टाकायची. तुमी बोलला व्हता एकमेकांस्नी."

त्यानं पेल्यात थोडी ओतून साहेबापुढं धरली. साहेबानं घोट घेतला. ती चांगली होती की नाही हे त्यानं सांगितलं नाही, रवळूनंही विचारलं नाही. मग सुरई दोन्ही हातांत धरून साहेब त्या पायानं पायऱ्या चढला. रवळू त्याच्या मागं एक पायरी ठेवून चढत होता, तो पडला तर धरता यावा म्हणून.

किल्ली बाईंच्या हातात देऊन रवळू मागच्या विहिरीवर गेला. रोज तो अंगरखा काढून ठेवून अंघोळ करत असे. त्या दिवशी त्यानं अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावर पाणी ओतून घेतलं. दिवाणखान्याच्या खिडकीत दिवे लागले होते. तो ओलेत्यानंच गावाकडं निघाला.

*

मालुबाईनं त्याला ओल्या कपड्यांत अंगणात शिरताना पाहिलं आणि ती उठली नाही. तो तिच्यासमोर बसला. रुमाल त्यानं तिच्या ओच्यात ठेवला. तिनं गाठ सोडली. काळ्या दोऱ्याचा पीळ तिनं बोटांत धरून उलगडला. त्यातून पिवळसर मातीची पूड तिच्या लुगड्यावर सांडली.

"दोरा माझाच हाय," ती म्हणाली. "माती कुठली आसंल ही?"

रवळूनं जे ऐकलं होतं ते सांगितलं. दगडांचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं, नव्या भाताचं सांगितलं. ओट्यावर भावकू तोंडावर हात ठेवून बसला होता. जयवंता दारात उभी राहून सगळं ऐकत होती. सांगून झाल्यावर ती आत गेली आणि थोड्या वेळानं पाट्यावर बांगड्या फुटल्याचा आवाज आला. तिनं कुणाला बोलावलं नाही.

"काल तुमी दुसऱ्या पलटणीचा म्हणलासा," मालुबाई म्हणाली.

"व्हय."

ती लुगड्यावरची माती एका जागी गोळा करत होती. एक कणही तिनं खाली पडू दिला नाही.

"बरं केलासा," ती म्हणाली. "एक दिस जादा गावला त्येला."

मग ती रडली. शेजारच्या बाया आल्या, पेन्शनर सुभेदार आला. रवळूला कुणीतरी कोरडं धोतर दिलं. दहावं झालं, घाटावर पिंड ठेवले. पंच बसले तेव्हा मालुबाई स्वतः त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. बायका तिथं जात नसत. "माझा ल्योक गेला," ती म्हणाली. "माझ्या सुनंला मोकळी करा." एवढंच बोलून ती परत आली आणि जयवंतासाठी शिदोरी बांधायला बसली.

भावकू पुन्हा गाडी घेऊन आला. जयवंताचं सामान थोडं होतं. एक पत्र्याची पेटी, एक वाकळ, आणि मालुबाईनं नव्या भाताचे तांदूळ भरून दिलेलं एक गाठोडं. मालुबाई अंगणापर्यंत आली. जयवंता तिच्या पाया पडली, तेव्हा मालुबाईनं तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं आणि मग हातानं तिला हळूच गाडीकडं ढकललं.

रवळू गाडीबरोबर ओढ्यापर्यंत चालत निघाला. त्याचा एक हात गाडीच्या मागच्या दांडीवर होता. जयवंता मागं तोंड करून बसली होती, पाय खाली सोडून. वाटेच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची धसकटं उभी होती. 

"मामा," ती म्हणाली.

"काय गं?"

"साहेबानं समदं सांगितलं नव्हं? आत्तींच्या भाताचं, तुमच्या बाटल्यांचं." तिनं पदर गुडघ्यावर सारखा केला. "माझं काय म्हणाला का त्यो?"

चाक एका दगडावरून गेलं आणि गाडी हिसकली. रवळूनं दांडी दोन्ही हातांनी धरली.

"म्हणाला की," तो म्हणाला.

"काय?"

"नाव घेतलं तुजं."

 पुढं भावकू बैलांकडं बघत होता.

"काय म्हणून?" तिनं विचारलं. "काय म्हणून हाक मारली?"

रवळूनं खाली वाटेकडं पाहिलं. थोरामोठ्यांसमोर नवरा बायकोला नावानं हाक मारत नसे, त्यांच्याकडं ती रीतच नव्हती. जोतिराम तिला काय म्हणायचा, हे त्याला ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. तो चालत राहिला. ओढ्याचं पाणी दिसू लागलं होतं. ती वाट बघत होती, तिची नजर त्याच्या तोंडावर होती.

"जयी म्हणला आसंल," जयवंता हळूच म्हणाली.

रवळूनं मान वर केली.

"व्हय," तो म्हणाला. "जयी."

तिनं मान हलवली. ओढा आला. रवळूनं दांडीवरचा हात काढला आणि तो काठावर थांबला. बैल पाण्यात उतरले, पलीकडच्या चढावर जरा अडले, भावकूनं त्यांना हाक दिली. गाडी वर गेली. जयवंता थोडा वेळ तशीच मागं तोंड करून बसली होती. मग तिनं पाय वर घेतले, गाठोडं मांडीवर घेतलं आणि बैलांकडं तोंड करून बसली.